श्वास रोखून धरा

११ जानेवारी

फोटोग्राफीच्या वर्गाचा दुसरा शनिवार. सरांनी माझे आठ फोटो टेबलावर ओळीने मांडले, चष्मा कपाळावर ढकलला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुमची माणसं श्वास का घेत नाहीत?"

पंधरा जण हसले. सोळावी मी, मीही हसले. न हसून सांगते कोणाला! घरी येऊन ते आठ फोटो पुन्हा पाहिले. म्हातारा खरं बोलला होता. शेजारीणबाई, दूधवाला, वाचनालयाचा शिपाई, सगळे छाती फुगवून, हनुवटी वर करून थिजलेले.

चोवीस वर्षं मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतेय. दिवसाला साठ-सत्तर माणसं. "खोल श्वास घ्या. रोखून धरा. सोडा." आमचे हे म्हणतात की मी झोपेतसुद्धा असंच बरळते. कॅमेरा डोळ्याला लावल्यावरही माझ्या तोंडून पहिले दोन हुकूम निघत असणार. तिसरा राहून जात असणार.

मे अखेरीला वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. सोळा जणांपैकी चौघांनाच एकेक भिंत. दया म्हणून कोणाला भिंत मिळणार नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. मला भिंत हवी आहे. विसाव्या वर्षी मला चित्रकलेला जायचं होतं, दादा म्हणाला नोकरी लागेल असं काहीतरी शिक, आणि मी मुकाट्याने शिकले. आता अठ्ठेचाळीस संपत आलं. आता नाही तर कधीच नाही. हे कोणाला बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून इथे लिहून ठेवते.

१४ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत मामांना म्हटलं, तुमचा एक फोटो काढू द्या. मामा आमच्या विभागात स्ट्रेचर ढकलतात, माझ्याइतकीच नोकरी झाली त्यांची. खिडकीत उभं केलं. गृहस्थाने दोन्ही हात कमरेवर ठेवले, खांदे पुढे घेतले आणि भिंतीकडे तोंड करून छाती टेकवली.

"मामा, फोटो काढायचाय. छातीचा नाही, तोंडाचा."

"तुम्ही समोर आलात की अंग आपोआप असंच होतं, बाई. मी काय करू?"

२५ जानेवारी

सर म्हणाले, दहा माणसांमागे धावू नका. एक माणूस धरा. एकच खुर्ची, एकच खिडकी, तीच वेळ. चार महिने.

"कोणता माणूस धरू?"

"जो पळून जाणार नाही तो."

म्हणजे हेच. आमच्या घराची पुढची खोली यांचं टेलरिंगचं दुकान. कापायच्या टेबलाशेजारी एक लाकडी खुर्ची आहे, तिच्यावर डावीकडून खिडकीचा उजेड पडतो. रविवारी दुकान बंद असतं. यांना विचारलं तर म्हणाले, "सव्वीस वर्षांत माझ्याकडे नीट बघायला पहिल्यांदाच वेळ काढलास. बसतो की."

मेलं बोलणं तरी कसं!

२ फेब्रुवारी

पहिला रविवार. चव्वेचाळीस फोटो, एकही धड नाही. हे नवरदेवासारखे ताठ बसले. मधेच डावा खांदा चोळायला लागले की माझा फोकस जाई.

"हलू नका हो."

"खांदा धरलाय. मशीनवर वाकून वाकून दुसरं काय होणार?"

खांद्याला मलम चोळून दिलं आणि परत बसवलं. लेकीचा हा कॅमेरा तिने दोन महिने वापरून इथेच टाकला आणि परगावी नोकरीला गेली. तिच्या हातून सहज चांगले फोटो निघायचे आणि तिला त्याचं काही नव्हतं. मला सगळं आहे आणि हातून निघत काही नाही. देव असा उलटा का वाटप करतो?

१६ फेब्रुवारी

तिसरा रविवार. मेलेले, मेलेले, मेलेले. प्रत्येक फोटोत माझा नवरा पासपोर्टच्या रांगेत उभा असल्यासारखा दिसतो. काल वर्गातली एक बँकेत नोकरी करणारी मुलगी आपल्या आजोबांचे फोटो घेऊन आली होती. म्हातारा नखं कापतोय, एवढंच. पण त्या खोलीत जाऊन बसावंसं वाटलं. मी "छान" म्हणाले आणि माझी फाईल न उघडताच घरी घेऊन आले.

संडासात जाऊन रडले. दुसरीकडे कुठे रडणार? दोन खोल्या आणि दुकान. बाहेर आले तर हे कपबशी घेऊन उभे. विचारलं असतं तर मी कॅमेरा विकायला काढला असता.

२ मार्च

आज यांनी मला शिकवलं. यांनी! सातवी नापास टेलरने!

मी वैतागून कॅमेरा टेबलावर आपटला तेव्हा म्हणाले, "गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की काय करतं माहितीये? पोट आत ओढतं. सगळे ओढतात. तसं माप घेतलं तर पँट आठवड्यात परत येते. 'पोट सोडा' म्हटलं तर आणखी ओढतात. मग मी विचारतो, मुलगा कितवीत आहे? ते सांगायला लागतात, श्वास सुटतो, पोट बाहेर येतं, की मी टेप ओढतो."

चोवीस वर्षं मी दुसरीच विद्या शिकले, श्वास अडवायची. घरात ही विद्या आयती होती.

त्यांनाच कामाला लावलं. म्हटलं, नुसते बसू नका, काहीतरी शिवा. स्वतःचीच करडी पँट काढून बसले, कंबर दोन इंच आत घ्यायला. मी म्हटलं, "माझ्या हातचं जेवून बारीक होणारे तुम्हीच एकटे." म्हणाले, "जेवण चांगलंय. पोटच कंजूष झालंय." आणि हसले. तेवढ्यात मी बटण दाबलं.

तीन फोटो जिवंत. तीन!

२३ मार्च

सुई ओवताना दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मी नेमका फोटो घेतला. सुई हवेत, दोरा मागे लोंबतोय आणि हे तिच्याकडे असे बघतायत की जणू ओळखीच्या माणसाने अचानक उद्धट उत्तर द्यावं. डाव्या हाताची करंगळी बधिर होते म्हणाले. मी म्हटलं, "परत एकदा पाडा बरं."

पाडली बिचाऱ्यांनी. पण मुद्दाम पाडलेली सुई फोटोत लगेच कळते. पहिलाच ठेवला.

२९ मार्च

सरांनी सुईचा फोटो हातात घेतला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मग "हं" म्हणाले.

बँकेतली मुलगी कानात कुजबुजली, "काकू, सरांचं 'हं' म्हणजे डिस्टिंक्शन." बस न पकडता चालत घरी आले.

६ एप्रिल

आज हे स्वतःहून म्हणाले, "एक दिवस येऊ का तुझ्या हॉस्पिटलात? खांद्याचा एक फोटो तूही काढ की. तिथला."

मी लेन्स पुसत होते. म्हटलं, या महिन्यात दोघी रजेवर आहेत, साठाचे नव्वद पेशंट झालेत, मे महिन्यात बघू. "बरं," म्हणाले आणि खुर्चीत बसले. आजचा उजेड फार सुरेख होता. गालाखाली हाड आहे ते मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. उजेड त्यावर येऊन थांबतो. चेहरा कसा कोरल्यासारखा होत चाललाय. की माझी नजर तयार होतेय? सर म्हणतात, बघता बघता माणूस दिसायला लागतो.

२० एप्रिल

उकाडा. दुकानात पंखा बंद ठेवला, कापड हलतं म्हणून. आणि एक अजब चीज हाती लागली. यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू घामाने चमकत होती आणि डावी अगदी कोरडी. अर्धा चेहरा ओला, अर्धा सुका! मी दिवा लावला नाही, पांढरा पुठ्ठा धरला नाही, काही नाही. आपोआप. खिडकी डावीकडे, त्यामुळे कोरड्या बाजूवर मऊ उजेड आणि ओल्या बाजूवर ठिणग्या.

हे म्हणाले, "पंखा लाव ग, जीव जातोय." मी म्हटलं, पाच मिनिटं. वीस मिनिटं झाली असतील.

असा फोटो मला आयुष्यात परत मिळणार नाही.

२६ एप्रिल

आज सरांनी अर्धा चेहरा सगळ्या वर्गाला फिरवून दाखवला. "हे बाईंनी कसं केलं, सांगा." कोणी म्हणालं तेल लावलं, कोणी म्हणालं पाणी मारलं. मी म्हटलं, काही केलं नाही, घाम आहे. सर म्हणाले, "काही न करण्यासाठीच तीन महिने लागतात."

मग माझ्याकडे वळून हळूच, "बाई, तुमचा माणूस आता श्वास घेतोय."

एवढंच लिहून ठेवते. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

४ मे

आजचा फोटो सगळ्यांत भारी. दुपारच्या बाराला खुर्चीत बसले होते, मी मुलगा कितवीत आहे असं विचारलं, आपल्याला मुलगाच नाही म्हणून हसले, आणि श्वास सोडला. डाव्या डोळ्याची पापणी जराशी खाली आलेली. उजवा डोळा टक्क उघडा, डावा अर्धा मिटू मिटू. जगाची गंमत कळलेल्या माणसाने डोळा मिचकावावा तसं. मागे जाऊन पाहिलं तर गेल्या दोन-तीन रविवारांपासून तशीच आहे. म्हणजे हा खोडकरपणा आधीपासून होता आणि मला दिसला नव्हता.

लेकीचा फोन आला तेव्हा व्हिडिओवर यांना बघून म्हणाली, "बाबा किती बारीक दिसतायत."

"तुझ्या फोनचा कॅमेरा वाईट आहे," मी म्हटलं. "मी काढलेला बघ, पाठवते."

बघून तिने लिहिलं, "आई, फोटो जबरदस्त आहे. पण बाबा बरे आहेत ना?" मी अंगठा पाठवला.

१७ मे

भिंत मिळाली.

परत लिहिते. भिंत मिळाली. दरवाजातून आत आल्यावर समोरची, मोठी. नऊ फोटो. मधोमध तो पापणीचा, सगळ्यांत मोठा. सर म्हणाले, त्या डोळ्यात सगळं आहे. बँकेतल्या मुलीलाही मिळाली, बाजूची. तिने मिठी मारली आणि मला एकदम तिच्याबद्दल माया वाटली, इतके दिवस नुसता जळफळाट होता.

घरी धावत आले. हे पडले होते, हल्ली दुपारी पडतात. सांगितलं तर उठून बसले, माझे दोन्ही हात धरले, उजव्या हाताने घट्ट आणि डाव्याने सैल. म्हणाले, "मग आता येऊ का खांदा दाखवायला?"

"एकतीसला उद्घाटन आहे. तेवढं होऊ दे, मग तुम्ही म्हणाल तेव्हा."

"बरं," म्हणाले.

२० मे

प्रिंट तयार झाले म्हणून हॉस्पिटलात दाखवायला नेले. मिरवायलाच नेले, खोटं कशाला बोलू. मामा म्हणाले, साहेब अगदी हिरो दिसतायत. मग डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. त्या दिवसभर अंधारात बसून आम्ही काढलेल्या एक्स-रेंचे रिपोर्ट लिहितात. स्वभावाने कोरड्या, पण फोटो बघते म्हणाल्या.

पापणीचा फोटो त्यांनी हात लांब करून धरला. फिल्म धरतात तसाच. मी कौतुकाची वाट बघत उभी.

"हे कोण?"

"आमचे हे."

"यांचा डावा खांदा दुखतो का?"

मी हसले. "तुम्हाला कसं कळलं?"

त्या हसल्या नाहीत. "करंगळी?"

"बधिर होते. मशीनमुळे."

"चेहऱ्याच्या डाव्या बाजूला घाम येतो?"

मी पिशवीतून अर्ध्या चेहऱ्याचा फोटो काढून टेबलावर ठेवला. तो त्यांनी पाहिला आणि सुईचाही पाहिला. मग दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांवर बोट ठेवून मला दाखवलं. डावी लहान. उजवीच्या निम्मी. एवढ्या मोठ्या प्रिंटमध्ये, मी स्वतः तासन् तास बसून निवडलेल्या फोटोत.

"उद्या सकाळी घेऊन या," म्हणाल्या. "खांद्याचा नको. छातीचा काढा."

उरलेल्या तेवीस पेशंटना मी श्वास घ्यायला, रोखायला, सोडायला सांगितलं. एकाचाही फोटो हलला नाही.

२० मे, संध्याकाळ

हे दूध आणायला गेले तेवढ्यात सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून पाहिले. सरांनी आम्हाला कधी तारखेप्रमाणे लावायला सांगितलं नव्हतं, नेहमी चांगल्यातून निवडायला सांगितलं. फेब्रुवारीतला माणूस आणि मेमधला माणूस. मी कोरीव म्हणत होते, खोडकर म्हणत होते. आणि पंखा बंद ठेवला होता!

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. रस्त्यात कोणी लंगडलं तर कुठलं हाड ते मी सांगते. चोवीस वर्षं. माझ्याच खिडकीत, तीन हातांवर, दर रविवारी बसून माझा नवरा मला दाखवत होता आणि मी उजेड बघत होते.

मला कोणी माफ करू नये.

२१ मे

सकाळी साडेआठला घेऊन गेले. रांगेच्या आधी. मामांनी यांना चाकांच्या खुर्चीतून न्यायला बघितलं तर हे म्हणाले, "अहो, पायाला काही झालं नाहीये."

शर्ट काढला. पाठ पाहिली. फोटोत मी कधी पाठ घेतली नव्हती. प्लेटला छाती टेकवून उभं केलं, हनुवटी वर, हात कमरेवर. खांदे पुढे घ्यायला लावले तेव्हा डाव्यात कळ आली असणार, पण हूं की चूं केलं नाही. माझ्याकडे पाठ होती. आमच्या कामात एक नियम असतो. टेक्निशियनने चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, पेशंटला काही सांगायचं नाही, सांगायचं ते डॉक्टर सांगतील. पाठ होती ते बरं होतं.

शिशाच्या काचेमागे गेले. "खोल श्वास घ्या. रोखून धरा."

बटण दाबलं. चार-पाच सेकंदांत पडद्यावर चित्र येतं. आलं. डाव्या बाजूला अगदी वर, गळ्याजवळच्या हाडामागे, जिथे काळं असायला हवं तिथे पांढरं. लिंबाएवढं. पहिली बरगडी अर्धी पुसलेली. मी बघत राहिले. किती वेळ ते माहीत नाही.

"अगं," काचेपलीकडून अडकलेला आवाज आला, "सोडू का?"

मी सांगायलाच विसरले होते. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"सोडा," म्हटलं. "सोडा, सोडा."

हे धापा टाकत होते. भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "कसा आला?"

"हललात तुम्ही. परत काढायला लागेल."

"मी नाही हललो. चार महिने तुझ्यासमोर बसतोय, आणखी काही नाही तर न हलता बसायला तरी शिकलोय."

२३ मे

मोठं स्कॅन झालं. सुई घालून तुकडा काढला. उत्तर यायला दहा दिवस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुफ्फुसाच्या अगदी टोकाला आहे, तिथून जाणाऱ्या नसा दाबल्यात, म्हणून खांदा, करंगळी, घाम, पापणी; जागा वाईट आहे, पण उपाय नाहीत असं नाही, आधी औषधं, किरणं, मग जमलं तर ऑपरेशन. मी विचारलं, फेब्रुवारीत आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "तो प्रश्न मला विचारू नका, मी उत्तर देणार नाही." म्हणजे दिलंच की.

लेक एक जूनला येतेय.

२७ मे

सरांकडे गेले. म्हटलं, माझी भिंत दुसऱ्या कोणाला द्या. का ते सांगितलं. सर खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, घातला.

"मी त्या डोळ्याची तारीफ केली होती," म्हणाले.

"मीही."

"कोणाकोणाला दाखवला मी तो फोटो." मग म्हणाले, "उतरवायचा तर उतरवा. पण त्यांना विचारून. भिंत तुमची असेल, चेहरा त्यांचा आहे."

२९ मे

विचारायचा धीर होत नव्हता. शाळेच्या गणवेशांचं काम दुसऱ्या टेलरकडे द्यायचं ठरलं, त्यासाठी मापांची वही काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, वर कापडाचा तुकडा टाचलेला, खाली मापं, शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे हे लिहितात, "खिसा आत", "बुधवारी ट्रायल", "बाई घाईत".

मधे एका पानावर आमच्या करड्या पँटचा तुकडा टाचला होता. वर लिहिलं होतं, "स्वतः".

९ फेब्रुवारी. कंबर ३६. शेरा, "सैल वाटते."
२ मार्च. ३५. "आत घेतली. आज फोटो चांगले आले. हसली."
३० मार्च. ३४. "सांगू."
६ एप्रिल. ३४. "सांगितलं. मेमध्ये म्हणाली."
२० एप्रिल. ३३. "पंखा. उद्या सांगू."
४ मे. ३२. "खूश आहे. नंतर."
१७ मे. ३१. "भिंत मिळाली."

वही घेऊन आत गेले आणि यांच्यापुढे धरली. हे थोडे ओशाळले, चोरी पकडल्यासारखे.

"सव्वीस वर्षांत तुला कधी असं पाहिलं नव्हतं ग," म्हणाले. "रविवार उजाडला की पोरीसारखी उठायचीस. मला वाटलं, दोन-चार महिन्यांनी काय फरक पडतो."

"फरक पडतो!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा यांच्यावर ओरडले. "फरक पडतो, मूर्ख माणसा! मी तुमच्याकडे बघत होते आणि मला काही दिसलं नाही, आणि तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही पँट आत घेत बसलात!"

मग दोघेही रडलो. मलमाचा वास येत होता यांच्या खांद्याला. मीच लावत होते रोज, लिंबाएवढ्या त्या गोष्टीवर मलम.

फोटो उतरवू का, असं शेवटी विचारलं. म्हणाले, "मी कशासाठी बसलो मग?"

३१ मे

उद्घाटन झालं. हे नवा शर्ट घालून आले, एक इंच आत घेतलेला. हाताने जमेना म्हणून टीप मी घातली, वाकडी आली. समोरच्या भिंतीपुढे लोक थांबत होते. सर दूर उभे राहून जमिनीकडे बघत होते.

एक बाई पापणीच्या फोटोसमोर थांबून मैत्रिणीला म्हणाली, "बघ ना, कसा गोड डोळा मिचकावलाय." मागे वळली तर हे उभे. तिने ओळखलं, लाजली. यांनी तिला उजवा डोळा मिचकावून दाखवला. ती हसत सुटली.

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. भिंत मिळाली होती. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बँकेतली मुलगी शेजारी येऊन बसली, माझा हात धरून. पोर चांगली आहे.

१ जून

रविवार. अहवाल उद्या येणार. लेक सकाळीच येऊन पोचलीय, प्रवासाने दमून आत झोपलीय.

मी कॅमेरा कपाटात ठेवला होता. हे नेहमीच्या वेळी खुर्चीत येऊन बसले आणि वाट बघत राहिले. "आज नको," मी म्हटलं. "आज काय, कधीच नको."

"बरं. मग माप तरी घे. मला टेप धरवत नाही."

वही उघडली, टेप घेतली. हे खुर्चीला धरून उभे राहिले. मी कमरेभोवती हात घातले तेव्हा यांचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

"श्वास रोखून धरू का?" म्हणाले.

"नको. नेहमीसारखा घ्या."

मी घाई केली नाही. टेप हातात आत-बाहेर होत होती. आत, बाहेर. पोटाचा श्वास, छातीचा नाही. डाव्या बाजूने जरा कमी. तो मी पहिल्यांदाच मोजला. विचारलं, "मुलगा कितवीत आहे?" हे हसले, श्वास सुटला, आणि मी टेप ओढली. साडेतीस.

तारीख घातली, आकडा लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. हे म्हणाले, "राहू दे, उद्या लिहू." मी म्हटलं, उद्या नाही, आज. आणि कपाटातून कॅमेरा काढून आणला.